‘द बिग शॉर्ट’मधला नफा कुणाच्या खिशातून आला?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ‘द बिग शॉर्ट’ या अमेरिकी चित्रपटाविषयी आलेला लेख वाचला. सगळे जग एका दिशेने धावत असताना स्वतःच्या अभ्यासावर ठाम राहणाऱ्या माणसांची ही गोष्ट असून गुंतवणूकदारांनी ती आवर्जून पाहावी, असा त्या लेखाचा सूर आहे. चित्रपट पाहावा, याबद्दल माझे दुमत नाही. पण तो गुंतवणुकीचा धडा म्हणून पाहावा, याला माझा स्पष्ट विरोध आहे. अमेरिकेत येऊ घातलेले २००८ चे गृहकर्ज संकट काहींनी ओळखले आणि त्यावर पैसा कमावला, इथे तो लेख थांबतो. हा पैसा आला कुठून, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. बँकेच्या कर्ज विभागात नोकरीचा बराच काळ गेल्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. पत्र लांबले तर क्षमा असावी.

अ‍ॅडम मकाय यांचा हा चित्रपट डिसेंबर २०१५ मध्ये प्रदर्शित झाला आणि मायकल लुईस यांच्या २०१० मधील पुस्तकावर बेतलेल्या त्याच्या पटकथेला ऑस्कर पुरस्कार मिळाला. कॅलिफोर्नियातला मायकल बरी हा शिक्षणाने डॉक्टर असलेला फंड व्यवस्थापक, न्यूयॉर्कमधला संतापी मार्क बॉम व त्याचे सहकारी, मोठ्या बँकेत बसून बँकेच्याच मालाविरुद्धचे सौदे विकणारा जॅरेड व्हेनेट आणि अल्प भांडवलावर धडपडणारे दोन तरुण, अशा चार धाग्यांनी तो विणलेला आहे. बरी हे खऱ्या व्यक्तीचे खरे नाव आहे. बाकीच्या प्रमुख पात्रांमागे खरी माणसे असली तरी त्यांची नावे बदललेली आहेत.

बरीचे श्रेय मी कमी लेखत नाही. हजारो गृहकर्जे एकत्र बांधून त्यांच्यावर काढलेले रोखे त्या काळी जगभर विकले जात होते. घेणारे त्या रोख्यांवरचे मानांकन, म्हणजे ते किती सुरक्षित याचा संस्थेने दिलेला दर्जा, वाचत; बरीने त्यांच्या पोटातली कर्जे वाचली. पहिली दोन वर्षे कमी व्याज आणि त्यानंतर चढे व्याज अशा अटींवर ती कर्जे दिलेली होती. म्हणजे २००५ मध्ये घेतलेल्या कर्जाचा हप्ता २००७ मध्ये वाढणार होता, आणि वाढीव हप्ता भरण्याची ऐपत कर्जदाराकडे नव्हती. त्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, आपला व्याजदर जून २००३ मधल्या १ टक्क्यावरून जून २००६ पर्यंत ५.२५ टक्क्यांवर नेला. घरांच्या किमती चढत होत्या तोवर जुने कर्ज नव्या कर्जाने फिटत होते. किमती थांबताच हे फेडणे थांबणार, हे कागदावरच दिसत होते. रोखे बुडाले तर भरपाई मिळेल, तोवर आपण ठरावीक हप्ता भरत राहू, असा ‘क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप’ नावाचा करार बरीने २००५ पासून मोठ्या बँकांशी केला. बँकांनी तो आनंदाने केला, कारण हप्त्याचे पैसे त्यांना फुकटचे वाटत होते.

चित्रपटातले मला सर्वांत खरे वाटलेले दृश्य फ्लोरिडातले आहे. बॉमची माणसे तिथल्या नव्या वसाहतीत दारोदार फिरतात. कित्येक घरे ओस पडलेली आहेत. एका घरात भाडेकरू कुटुंब राहते. घरमालकाने कर्ज आपल्या कुत्र्याच्या नावावर उचललेले आहे, आणि आपण भाडे वेळेवर भरत असूनही आपल्याला घराबाहेर काढतील का, या विचाराने तो भाडेकरू हबकून गेला आहे. पुढे दोन तरुण दलाल अभिमानाने सांगतात की अर्जदाराकडे उत्पन्नाचा दाखला ते मागतच नाहीत. क्लबात नाचणाऱ्या एका तरुणीच्या नावावर पाच घरे आणि वर एक फ्लॅट असतो, आणि त्यांचे हप्ते वाढणार आहेत हे तिला कुणी सांगितलेले नसते.

आमच्या शाखेत साध्या गृहकर्जाच्या फायलीतही फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्रे, बँकेचा खातेउतारा, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युअरचा अहवाल, जामीनदाराची कागदपत्रे असे सगळे जमेपर्यंत ती टेबलावरून हलत नसे, आणि एवढे होऊनही आमच्यापैकी कुणीतरी प्रत्यक्ष बांधकामावर जाऊन येत असे. कर्जदार या छाननीला कंटाळत, हे मी पाहिले आहे. पण खाते थकले की मंजुरीपत्रावर सही कुणाची हे आधी पाहिले जाई, आणि म्हणून सही विचारपूर्वक होत असे. फ्लोरिडातल्या त्या दलालांवर अशी जबाबदारीच नव्हती. कर्ज द्यायचे, ते वॉल स्ट्रीटवरच्या बँकेकडे जाऊ द्यायचे आणि दलाली घेऊन मोकळे व्हायचे. कर्ज पुढे बुडाले तरी त्यांच्या घरचे काही जात नव्हते. देणाऱ्याला वसुलीची चिंता नसेल तर कर्जाच्या धंद्यात शिस्त उरतच नाही, आणि ही गोष्ट हा चित्रपट एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षाही चांगली दाखवतो.

मानांकन संस्थेतले दृश्यही असेच आहे. ‘स्टँडर्ड अँड पुअर्स’च्या कार्यालयात बॉम विचारतो की कर्जे थकत असताना त्यांच्यावरच्या रोख्यांना सर्वोच्च मानांकन कसे मिळते. डोळ्यांच्या तपासणीहून आलेली, काळा चष्मा लावलेली अधिकारी अखेर कबूल करते की आम्ही मानांकन दिले नाही तर बँका शेजारच्या मूडीजकडे जातील. दृश्य रचलेले असले तरी त्यामागचे वास्तव त्याहून गंभीर होते. अमेरिकी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या जानेवारी २०११ च्या अहवालानुसार एकट्या मूडीजने २००६ मध्ये कामकाजाच्या दर दिवशी गृहकर्जांशी निगडित ३० रोख्यांना ‘ट्रिपल ए’ हे सर्वोच्च मानांकन दिले, आणि त्या वर्षी ‘ट्रिपल ए’ मिळालेल्या अशा रोख्यांपैकी ८३ टक्क्यांचे मानांकन पुढे खाली आणावे लागले. रोखे विकणारी बँकच मानांकनाची फी भरत होती, आणि या संस्थांच्या शिक्क्यावर विसंबून पेन्शन फंड आपल्या सभासदांचे पैसे गुंतवत होते.

आता मूळ प्रश्न. विम्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे: ज्या मालमत्तेच्या नुकसानीने आपले नुकसान होणार नाही, तिचा विमा आपल्याला उतरवता येत नाही. क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपला हे तत्त्व लागू नव्हते. बरीकडे किंवा बॉमकडे ते रोखे नव्हतेच. दुसऱ्याच्या हातातले रोखे बुडतील, यावर त्यांनी सौदे केले. असे सौदे एका रोख्यावर कितीही होऊ शकत होते. त्याहून महत्त्वाचे असे की मंदीवाला, म्हणजे रोखे बुडतील यावर पैसे लावणारा, जो हप्ता भरे, तोच हप्ता एका नव्या, कृत्रिम रोख्याचे उत्पन्न म्हणून दाखवून तो रोखा दुसऱ्या कुणाला तरी विकता येई. यालाच ‘सिंथेटिक सीडीओ’ म्हणत. त्यात नवे घर नव्हते, नवे कर्जही नव्हते; होता तो फक्त सौदा. कॅसिनोतल्या प्रसंगात अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि गायिका सेलेना गोमेझ हे छान समजावून सांगतात: एका डावावर बघ्यांची पैज, त्या पैजेवर आणखी कुणाची पैज. पण तो प्रसंग पाहून प्रेक्षकाला हसू येते ते तेजीवाल्यांच्या मूर्खपणाचे. मंदीवाला समोर नसता तर हा कृत्रिम रोखा निघूच शकला नसता, आणि मूळ कर्जे बुडाल्यावरचे नुकसान कित्येक पटींनी वाढले ते अशा सौद्यांमुळेच, ही बाजू तिथे निसटते. बरी आणि बॉम यांनी संकट केवळ ओळखले नाही. त्यांच्यासारख्यांच्या हप्त्यांनी त्या संकटाला इंधनही मिळाले. त्यांचा तसा हेतू नव्हता, हे मी मान्य करतो, पण परिणाम तोच झाला.

हेतू आणि परिणाम यांतले अंतर कुठवर मिटू शकते, याचे उदाहरण या चित्रपटाच्या कथेबाहेर राहिले आहे, आणि ही मला त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते. जॉन पॉल्सन यांच्या हेज फंडाने, म्हणजे श्रीमंतांचा पैसा गुंतवणाऱ्या खासगी फंडाने, मंदीच्या सौद्यांतून त्या काळात सर्वांत मोठा नफा मिळवला. २००७ मध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेने ‘अबॅकस’ नावाचा एक कृत्रिम सीडीओ काढला, तेव्हा त्यात कोणते रोखे असावेत हे ठरवण्यात पॉल्सन यांच्या फंडाचा हात होता आणि तोच फंड त्या रोख्यांच्या बुडण्यावर पैसे लावत होता. खरेदीदारांना हे सांगितले गेले नाही. जर्मनीतल्या ड्युसेलडोर्फच्या आयकेबी बँकेने त्यात घातलेले १५ कोटी डॉलर जवळजवळ सगळे गेले आणि पॉल्सन यांच्या फंडाला सुमारे १ अब्ज डॉलर मिळाले. अमेरिकेच्या रोखे आयोगाने एप्रिल २०१० मध्ये गोल्डमनविरुद्ध दावा दाखल केला आणि जुलैमध्ये ५५ कोटी डॉलर भरून तो मिटला. पॉल्सन यांच्यावर आरोप ठेवण्यात आला नाही, हेही नमूद करणे न्याय्य आहे. पण बुडणारी वस्तू ओळखणे आणि बुडावी अशी वस्तू तयार होताना तिथे हजर असणे, यांतली सीमारेषा इथे पुसली गेली.

आयकेबीला तिच्या देशाच्या सरकारी बँकेने वाचवले. अमेरिकेत एआयजी या विमा कंपनीने असे स्वॅप मोठ्या प्रमाणावर विकले होते आणि भरपाईसाठी पुरेसा पैसा बाजूला ठेवलाच नव्हता. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी एआयजीला ८५ अब्ज डॉलरची मदत द्यावी लागली, जी पुढे वाढत १८२ अब्जांपर्यंत गेली. त्या मदतीतून एकट्या गोल्डमनच्या पदरात १२.९ अब्ज डॉलर पडले. बुडत्या कंपनीचे धनको साधारणपणे काही टक्क्यांवर समाधान मानतात. इथे एआयजीच्या स्वॅपधारक बँकांना डॉलरमागे पूर्ण डॉलर मिळाला. पुढे सरकारने एआयजीत घातलेला पैसा नफ्यासह परत मिळवला, हे खरे आहे. पण ज्यांची घरे जप्त झाली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर पोचलेल्या बेकारीत ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांना कुणी असे पूर्ण मोल चुकवले नाही.

चित्रपटाला हे अजिबात दिसत नाही, असे मी म्हणणार नाही. ब्रॅड पिटने साकारलेला बेन रिकर्ट लास व्हेगासमध्ये सौदा जमल्यावर नाचू लागलेल्या दोन तरुणांना थांबवतो. आपण देशाच्या अर्थव्यवस्थेविरुद्ध पैसे लावले आहेत, आपण बरोबर ठरलो तर लोकांची घरे, नोकऱ्या आणि म्हातारपणची शिल्लक जाणार आहे, तेव्हा नाचू नका, असे तो सुनावतो. शेवटाकडे फ्लोरिडातले तेच भाडेकरू कुटुंब गाडीत राहताना दिसते. आपल्या लेखात बरीच्या नफ्याची टक्केवारी आहे, पण या दोन्ही प्रसंगांचा उल्लेख नाही, याचे मला वाईट वाटले.

यावर असे म्हटले जाईल की मंदीवाले नसते तर सत्य बाहेरच आले नसते. शेअर बाजाराबाबत हा युक्तिवाद मला बऱ्याच अंशी पटतो, कारण तिथे विक्रीचा दबाव भावात दिसतो आणि सामान्य गुंतवणूकदाराला इशारा मिळतो. स्वॅपचे सौदे मात्र दोन पक्षांमधले खासगी करार होते. २००६ मध्ये अशा सौद्यांचे भाव दाखवणारा एबीएक्स निर्देशांक सुरू झाला, तरी कर्जे थकत असताना बँका आपल्या वहीत जुनेच भाव धरून बसल्या होत्या आणि चित्रपटात यावरून बरी आणि बॉम दोघेही संतापतात. ज्या सौद्याचा भाव बाहेर कुणाला नीट दिसत नाही, तो समाजाला इशारा कसा देणार? बरी यांनी स्वतः एप्रिल २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेल्या लेखात, मला हे दिसले तर फेडरल रिझर्व्हला का दिसले नाही, असा सवाल केला. सवाल रास्तच होता, पण तो आला तोवर घरे गेली होती.

इशारा उघडपणे आणि वेळेवर देणारी माणसेही होती. १९९८ मध्ये वायदे बाजाराच्या नियामक ब्रुक्सली बॉर्न यांनी अशा खासगी सौद्यांवर देखरेख असावी, असा विचार मांडला. फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन आणि अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन यांनी त्याला विरोध केला, आणि २००० मध्ये कायदाच असा झाला की हे सौदे देखरेखीबाहेर राहिले. फेडरल रिझर्व्हचेच एडवर्ड ग्रॅमलिच सबप्राइम, म्हणजे कमी पत असलेल्यांना दिलेल्या, कर्जांतल्या लबाडीकडे लक्ष वेधत राहिले. ऑगस्ट २००५ मध्ये रघुराम राजन यांनी अमेरिकेतल्या जॅक्सन होल इथे ग्रीनस्पॅन यांच्या गौरवासाठी भरलेल्या परिषदेत बँकांच्या वाढत्या जोखमीबद्दल बोलण्याचे धैर्य दाखवले आणि अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी त्यांना प्रगतिविरोधी ठरवले. आपल्या रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर य. वे. रेड्डी यांनी तर कृती केली. गृहकर्जांवरचा जोखीमभार, म्हणजे कर्जामागे बँकेने किती भांडवल राखावे हे ठरवणारे प्रमाण, त्यांनी २००४ च्या अखेरीस ५० वरून ७५ टक्के केला, व्यापारी बांधकामांवरचा १०० वरून टप्प्याटप्प्याने १५० टक्क्यांवर नेला, आणि २००६ मध्ये असा दंडक घातला की कर्जे विकून झालेला नफा बँकेने त्याच दिवशी खात्यात धरू नये, रोख्याच्या मुदतीत थोडा थोडा धरावा. फ्लोरिडातला दलाल ज्या दारातून मोकळा सुटला, तेच दार या एका कलमाने आपल्याकडे बरेचसे बंद केले. त्या वेळी बँकांच्या वर्तुळात यावर पुष्कळ नाराजी होती. या चौघांनी संकटावर एक पैसाही कमावला नाही, आणि म्हणूनच बहुधा त्यांच्यावर असा चित्रपट निघत नाही.

आपल्याकडे सगळे आलबेल होते, असा माझा दावा नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या आयएल अँड एफएस समूहाच्या कागदाला २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत सर्वोच्च मानांकन होते आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते थेट ‘डी’वर, म्हणजे थकबाकीदाराच्या पायरीवर आले. भविष्य निर्वाह निधींचे पैसे त्यात अडकले. फी भरणाऱ्या कंपनीलाच मानांकन द्यायचे, ही काळ्या चष्म्याच्या दृश्यातली अडचण आपल्याकडेही आहे तशीच आहे.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिले, ते सांगतो. ऑप्शन्स, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या भावावरचे मुदतीचे सौदे, शिकवणाऱ्या शिकवण्यांमध्ये आणि चित्रफितींमध्ये हा चित्रपट अलीकडे प्रेरणा म्हणून सर्रास दाखवला जातो. माझ्या ओळखीतल्या पदवीच्या वर्गातल्या एका मुलाने मोबाइलच्या पडद्यावर बरीचे छायाचित्र लावले आहे आणि वडिलांनी शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीतून तो दर आठवड्याला मुदत संपणारे ऑप्शन्स घेतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या खात्यावर व्यवहार करणाऱ्या दलाल संस्थांनी, व्यवहारखर्च वजा करण्याआधी, सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये मिळवले, आणि त्यातला जवळजवळ सगळा नफा संगणकाने आपोआप होणाऱ्या व्यवहारांतून आला. चित्रपट पाहून बाहेर पडणारा मुलगा स्वतःला बरीच्या जागी पाहतो. सेबीचे आकडे सांगतात की तो बहुतेक वेळा कराराच्या दुसऱ्या बाजूला, आयकेबीच्या जागी बसलेला असतो.

म्हणून आपल्याला माझी विनंती आहे की त्या लेखाचा दुसरा भाग आपण प्रसिद्ध करावा आणि त्यात आयकेबी, एआयजी आणि फ्लोरिडातला तो भाडेकरू यांची हकीकत यावी. सेबीच्या वरील आकड्यांचा तक्ता त्याच पानावर छापावा. आणि ऑप्शन्सच्या शिकवण्यांची जाहिरात आपल्या पुरवणीत घेताना त्या संस्थेने हा तक्ता फी घेण्याआधी विद्यार्थ्याच्या हाती दिला पाहिजे, अशी अट घालता येते का, याचाही विचार करावा.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली